तीन टीबीची ३४९ जीबी झाली: एका केसिंगचं प्रकरण

मे महिन्यातली संध्याकाळ. शटर अर्धं ओढलं होतं तेवढ्यात सांगलीच्या गावभागात स्टुडिओ असलेले एक फोटोग्राफर आत आले. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणतो. हातात रुमालात गुंडाळलेली साडेतीन इंची हार्डडिस्क. मागे कॉलेजात जाणारा मुलगा, त्याच्या पिशवीत नवं कोरं केसिंग, म्हणजे हार्डडिस्क बसवून यूएसबीने जोडायचा डबा, आणि सुटे तीन अडॅप्टर. अण्णांनी रुमाल काउंटरवर ठेवला तो अंड्यांची टोपली ठेवावी तसा.

"हिच्यात आठ वर्षांची लग्नं आहेत," ते म्हणाले. "आणि ही फॉरमॅट मागतीय."

या धंद्यात मला बरीच वर्षं झाली, पण हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण त्यात हार्डडिस्क एकदाही बिघडली नव्हती. ती ज्या डब्यात बसायची तो डबाही बिघडला नव्हता. तरी अण्णांना एका ठिकाणी सांगितलं होतं की हेड, म्हणजे तबकड्यांवरचं वाचणारं-लिहिणारं टोक, गेलंय, दुसऱ्या ठिकाणी सांगितलं होतं की डबा गेलाय, आणि एक रिकव्हरीवाला, म्हणजे गेलेला डेटा काढून देणारा, फोनवरच वीस हजारांच्या पुढचा आकडा सांगून मोकळा झाला होता.

आधीची हकिगत

२०१२ साली अण्णांनी एका मोठ्या कंपनीची तीन टीबीची बाहेरून जोडायची हार्डडिस्क घेतली. टेबलावर उभी राहणारी, काळ्या प्लास्टिकच्या बंद डब्यातली, स्वतःचा १२ व्होल्टचा अडॅप्टर असलेली. स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर तेव्हा विंडोज एक्सपी होतं. प्रिंटर आणि अल्बमचं सॉफ्टवेअर त्यावर सुरळीत चालत होतं, त्यामुळे ते बदलायचं कुणी मनावर घेतलं नव्हतं. ही एक्सपीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळा गुंता तिथेच जाऊन पोचतो.

२०१२ ते २०२० या काळातली लग्नं, मुंजी, डोहाळजेवणं त्या डब्यात साठली. दुसरी प्रत म्हणून अण्णा डीव्हीडी काढून ठेवायचे. त्या खालच्या कपाटात असत. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं तेव्हा अण्णांनी कॅमेरे आणि हा डबा तेवढा वर नेला. डीव्हीडी चिखलात गेल्या. म्हणजे त्या दिवसापासून ही हार्डडिस्क हीच एकमेव प्रत होती. अण्णांना ते माहीत होतं. "करायचं होतं हो," असं ते म्हणाले, आणि त्यावर काय बोलणार, माझ्याही घरी लग्नाच्या कॅसेटची प्रत काढायची आहे.

एप्रिलच्या शेवटी वळीव आला, लाइट दोन-तीनदा गेली-आली, आणि डबा चालू होईना. दिवा लुकलुकायचा आणि विझायचा. मुलाने सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर लावून पाहिला, पिन बरोबर बसली. आतून घुर्र असा आवाज आला, मग टक्, मग सगळं शांत. परत घुर्र, परत टक्. हा आवाज घेऊन ते एका दुकानात गेले. तिथे "हेड गेलं, पुण्याला पाठवा" असं निदान झालं. दुसऱ्या ठिकाणी "डबा खराब आहे, हार्डडिस्क काढून नवीन केसिंगमध्ये टाका" हा सल्ला मिळाला. मुलाने स्क्रू ड्रायव्हरने डब्याच्या खाचा उचकटून हार्डडिस्क बाहेर काढली. नवीन केसिंग मागवलं. ते यायला चार दिवस लागले, आणि त्या चार दिवसांत घरात रद्दी घ्यायला माणूस आला.

"डबा कुठाय?" मी विचारलं.

"दिला की भंगारवाल्याला. मोडलेलाच होता."

"आतला छोटा बोर्ड?"

"त्याच्यातच."

नव्या केसिंगमध्ये हार्डडिस्क झकास फिरायला लागली. टक् नाही, काही नाही. पण विंडोज म्हणालं, ही ड्राइव्ह वापरायची तर आधी फॉरमॅट करावी लागेल.

मी पहिला प्रश्न मुलाला विचारला: कुणी काही दाबलं का? त्याने दोनदा कॅन्सल केलं होतं. मग एक फुकटचं रिकव्हरी सॉफ्टवेअर अर्धा तास चालवलं होतं. त्यात फोटो दिसले होते, पण नावं सगळी नुसत्या आकड्यांची, एकही फोल्डर नाही. लग्नाच्या फोटोग्राफरसाठी याचा अर्थ काय होतो? अडीच लाख फोटो, आणि त्यात पाटलांच्या घरची हळद कुठली आणि कुलकर्ण्यांच्या घरची कुठली हे ओळखत बसायचं. मुलाने त्या सॉफ्टवेअरने काही सेव्ह केलं नव्हतं, निदान त्याच हार्डडिस्कवर तरी नाही. तिथे मी सुटकेचा श्वास टाकला.

आधी अडॅप्टर

लोकांना वाटतं अडॅप्टर म्हणजे पिन बसली की झालं. तीन अडॅप्टर काउंटरवर होते: जुन्या डब्याचा, सेट टॉप बॉक्सचा आणि नव्या केसिंगबरोबर आलेला. तिघांवरही आउटपुट १२ व्होल्ट छापलेलं. अँपिअर मात्र वेगळे. जुना आणि नवा २ अँपिअरचे, सेट टॉप बॉक्सचा १ अँपिअरचा.

लॅपटॉपमधली अडीच इंची हार्डडिस्क नुसत्या ५ व्होल्टवर चालते, म्हणून तिच्या केसिंगला वेगळा अडॅप्टर लागत नाही, यूएसबीच्या वायरीतून येतं तेवढं पुरतं. यूएसबी २ चं पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३ चं ९००. साडेतीन इंचीला मात्र १२ व्होल्ट लागतात, कारण तिची मोटर त्यावर फिरते. चालू स्थितीत ती अर्धा अँपिअरच्या आसपास घेते, पण थांबलेल्या तबकड्यांना पहिला वेग द्यायच्या काही सेकंदांत ती पावणेदोन-दोन अँपिअरपर्यंत खेचते. १ अँपिअरचा अडॅप्टर तिथे बसतो. व्होल्टेज पडतं, मोटरचा दम सुटतो, हेड सुरक्षित जागेवर परत जातं आणि तो टक् असा आवाज येतो. व्होल्टेज सावरतं, पुन्हा घुर्र. मरणाऱ्या हार्डडिस्कचा आवाज आणि उपाशी हार्डडिस्कचा आवाज कानाला जवळजवळ सारखेच लागतात. पहिल्या दुकानदाराला मी फार दोष देणार नाही, पण त्याने अडॅप्टरची चिठ्ठी वाचायला हवी होती.

मग जुना अडॅप्टर. मीटर लावला तर १२.२ व्होल्ट. मुलगा म्हणाला, "हा तर चांगलाच आहे." माझ्याकडे या कामासाठी गाडीच्या ब्रेक लाइटचा २१ वॉटचा बल्ब आहे, दोन वायरी आणि एक जॅक जोडलेला. १२ व्होल्टवर तो पावणेदोन अँपिअर घेतो, म्हणजे हार्डडिस्क सुरू होताना घेते तेवढंच ओझं. नव्या अडॅप्टरला बल्ब लावला, लख्ख पेटला, मीटर ११.९ वर थांबला. जुन्याला लावला, बल्ब तांबूस झाला आणि मीटर ६.८ पर्यंत घसरला. खोलून पाहिलं तर आतला एक कपॅसिटर डोक्यावर फुगला होता.

म्हणजे मूळ बिघाड तेवढाच. अडीचशे-तीनशे रुपयांचा अडॅप्टर. डबा शाबूत होता, आणि तो भंगारात गेला होता. हे मी अण्णांना लगेच सांगितलं नाही.

स्क्रीनवरचे तीन तुकडे

नव्या केसिंगमधून हार्डडिस्क माझ्या कॉम्प्युटरला जोडली आणि विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडलं, तिथे हार्डडिस्कचे भाग दिसतात. एरवी घाईत लोक इथे फक्त "रॉ", म्हणजे आतलं काही वाचता येत नाही, हा शब्द बघतात आणि घाबरतात. मी आकडे बघितले. एकूण २७९४.५२ जीबी, बरोबर, तीन टीबी विंडोजच्या हिशेबात तेवढेच भरतात. पण ती एका सलग पट्ट्यात दिसत नव्हती. तीन तुकडे होते: ३४९.३१ जीबी, रॉ. त्यापुढे १६९८.६९ जीबी, मोकळी. त्यापुढे आणखी ७४६.५२ जीबी, मोकळी.

अण्णांना विचारलं, याचे कधी तीन भाग केले होते का? छे, एकच होता. आणि ३४९ जीबीत आठ वर्षांची लग्नं मावणार नाहीत हे त्यांनाही कळत होतं.

मोबाइलवर भागाकार केला. २७९४.५२ भागिले ८. उत्तर ३४९.३१.

असा आकडा योगायोगाने येत नाही. तिथे मला प्रकरण काय आहे ते कळलं, आणि मी अण्णांना बसायला स्टूल दिलं.

एक शक्यता मात्र आधी बाजूला करायची होती. काही कंपन्यांच्या तयार डब्यांमधली चिप, पासवर्ड टाकला नसला तरी, सगळा डेटा कुलूपबंद करूनच हार्डडिस्कवर लिहिते. डबा बदलला की आत नुसती खिचडी दिसते, आणि मूळ चिपशिवाय ती सुटत नाही. पण तसं असतं तर पार्टिशनचं टेबल, म्हणजे हार्डडिस्कचे भाग कुठून कुठपर्यंत याची सुरुवातीची नोंद, तेही कुलूपबंद असतं आणि विंडोजला ३४९ काय, कुठलाच आकडा दिसला नसता. त्याने हार्डडिस्क कोरी समजून "इनिशिअलाइझ करा" म्हटलं असतं. इथे टेबल वाचता येत होतं. फक्त चुकीचं वाचलं जात होतं.

फर्लांग आणि मैल

केसिंगला आपण डबा म्हणतो, पण आतल्या बोर्डावर एक चिप असते आणि ती दुभाष्याचं काम करते. यूएसबीच्या बाजूने कॉम्प्युटर एका भाषेत हुकूम सोडतो, साटाच्या, म्हणजे हार्डडिस्कच्या स्वतःच्या जोडणीच्या, बाजूने हार्डडिस्कला दुसरी भाषा कळते, चिप मध्ये उभी राहून इकडचं तिकडे करते. बहुतेक दुभाषे सांगितलं तेवढंच सांगतात. अण्णांच्या डब्यातला दुभाषा त्यात स्वतःचं थोडं घालत होता, आणि ते घालायला त्याला कारण होतं.

हार्डडिस्कवरची जागा सेक्टरमध्ये मोजतात. जुन्या हिशेबाने एक सेक्टर ५१२ बाइटचा. पार्टिशनचं जुन्या पद्धतीचं टेबल, म्हणजे एमबीआर, सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहितं, त्यामुळे त्याची मोजदाद ४२९ कोटींच्या थोडी पुढे जाऊन संपते. ४२९ कोटी गुणिले ५१२ म्हणजे २.२ टीबी, विंडोजच्या भाषेत २०४८ जीबी. त्यापुढची जागा त्या टेबलाला लिहिताच येत नाही. अण्णांच्या स्क्रीनवरचे पहिले दोन तुकडे मिळवून बघा, बरोबर २०४८ होतात, आणि ७४६ चा तिसरा तुकडा त्या कुंपणाबाहेर राहिलेला आहे.

२०१० नंतर तीन टीबीच्या हार्डडिस्क दुकानात आल्या तेव्हा घरोघर एक्सपी होतं. मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट बंद केला तोच ८ एप्रिल २०१४ रोजी. मोठ्या हार्डडिस्कसाठी असलेलं नवं टेबल, जीपीटी, सर्वसाधारण ३२ बिट एक्सपीला कळत नव्हतं. मग गिऱ्हाइकाला काय सांगायचं, हार्डडिस्क घेण्याआधी कॉम्प्युटर बदला? काही कंपन्यांनी तोड काढली ती डब्यातल्या चिपमध्ये. चिप आठ सेक्टरचा गठ्ठा करायची आणि कॉम्प्युटरला सांगायची, माझा एक सेक्टर ४०९६ बाइटचा आहे. ५८६ कोटी सेक्टरची हार्डडिस्क ७३ कोटी सेक्टरची दिसायला लागली. ३२ बिटांच्या टेबलात आरामात बसली. एक्सपी खूश, अण्णा खूश.

अण्णांना मी हे फर्लांगात समजावलं. त्यांच्या शाळेत आठ फर्लांगांचा एक मैल होता, त्यामुळे ते पटकन पोचले. जुन्या डब्याने वहीत लिहून ठेवलंय: गाव २५६ व्या मैलावर. नवं केसिंग वही वाचतं, आकडा बरोबर वाचतं, आणि २५६ व्या फर्लांगावर जाऊन उभं राहतं. तिथे माळरान. "गाव नाही," असं सांगतं, "नवीन वसवू का?"

"म्हणजे गाव आहे?" अण्णांनी विचारलं.

"असायला पाहिजे. बघू."

वरवर नाही, बाइट बघून

हार्डडिस्क केसिंगमधून काढून माझ्या डेस्कटॉपला थेट साटा केबलने जोडली आणि विंडोजऐवजी पेन ड्राइव्हवरून उबुंटू, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, सुरू केलं. विंडोज अशा हार्डडिस्कशी ओळख करून घेताना तिच्यावर काहीबाही लिहू शकतं, आणि एकमेव प्रत असेल तेव्हा मला ते चालत नाही.

पहिल्यांदा हार्डडिस्कची स्वतःची नोंदवही, स्मार्ट. साडेअकरा हजार तास चाललेली, बदली केलेले सेक्टर शून्य, वाचायला अडलेले सेक्टर शून्य. बारा वर्षांच्या मानाने तब्येत ठणठणीत. ही तपासणी आधी करायची असते, कारण इथे आकडे वाईट असते तर पुढचा रस्ताच वेगळा होता: आधी संपूर्ण हार्डडिस्कची जशीच्या तशी नक्कल काढायची आणि मग नकलेवर काम करायचं.

मग पार्टिशनचं टेबल. एकच नोंद. सुरुवात २५६, लांबी ७३,२५,६६,२७२ सेक्टर. ५१२ च्या हिशेबाने २५६ वा सेक्टर म्हणजे १२८ केबीवरची जागा. तिथे डोकावलो, शून्यंच शून्यं. आता ४०९६ च्या हिशेबाने, म्हणजे बरोबर १ एमबीवर. तिथले पहिले काही बाइट उघडले आणि उजवीकडच्या रकान्यात स्वच्छ अक्षरं आली: एनटीएफएस, म्हणजे विंडोजची फायली ठेवायची पद्धत. त्या अक्षरांनंतर चार रिकाम्या जागा असतात, आणि त्याच्या लगेच पुढचे दोन बाइट सांगतात सेक्टर किती मोठा. साध्या हार्डडिस्कवर तिथे "०० ०२" असतं, म्हणजे ५१२. इथे "०० १०" होतं. सोळाच्या अंकपद्धतीत, उलट्या क्रमाने वाचलं की ४०९६. पुढचा बाइट एका क्लस्टरमध्ये, म्हणजे फायलीला जागा देताना धरायच्या गठ्ठ्यात, किती सेक्टर ते सांगतो. एरवी ०८ दिसतो, इथे ०१.

अण्णा माझ्या खांद्यावरून बघत होते. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण मी खुर्चीत मागे टेकलो ते त्यांना कळलं.

इथे पुष्कळजण एक चूक करतात, आणि मीही पूर्वी एकदा केली आहे. वाटतं, आकडे आठपट करून टेबल दुरुस्त करू, २५६ च्या जागी २०४८ लिहू, झालं काम. एक तर लांबी आठपट केली की ती ५८६ कोटी होते आणि त्या टेबलात मावत नाही, मुळात त्यासाठीच सगळी कसरत केली होती. आणि टेबल जीपीटीचं केलं तरी एनटीएफएसच्या पहिल्या पानावर सेक्टर ४०९६ असं लिहिलेलं आहे, ते बघून ५१२ ची हार्डडिस्क धरून बसलेलं विंडोज ते उघडत नाही. शिवाय एकमेव प्रतीवर लिहायचंच कशाला?

लिनक्समध्ये लूप डिव्हाइस नावाची सोय आहे. एखाद्या हार्डडिस्कवर सॉफ्टवेअरचा मुखवटा चढवता येतो, आणि अलीकडच्या लिनक्समध्ये त्या मुखवट्याला सेक्टरचा आकार सांगता येतो. मी सांगितला ४०९६, आणि सोबत अट घातली की फक्त वाचायचं. म्हणजे भंगारात गेलेल्या दुभाष्याचं काम लिनक्सच्या एका ओळीने केलं. टेबल पुन्हा वाचायला लावलं. एक पार्टिशन, २७९४ जीबी. माउंट केलं, म्हणजे वापरायला उघडलं.

फोल्डर आले. वर्षाचे, त्यात महिन्याचे, त्यात "जाधव-माने, हरिपूर" असे. अण्णांनी एक उघडायला सांगितलं, २०१४ मधलं. पंगतीचा फोटो होता, जिलेबी वाढणाऱ्याचा हात हललेला. "हा मी टाकूनच द्यायला पाहिजे होता," असं म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

नव्या केसिंगची परीक्षा

डेटा काढून ठेवायला चार टीबीची नवी हार्डडिस्क आणली. ती अण्णांच्याच नव्या केसिंगमध्ये बसवायची होती. पण आता त्या केसिंगवर विश्वास कसा ठेवायचा? त्याचा दुभाषा काय करतो हे डब्याच्या खोक्यावर कुणी छापत नाही.

त्यासाठी उलटी परीक्षा घ्यायची. हार्डडिस्क केसिंगमध्ये बसवून यूएसबीने जोडली, जीपीटी करून फॉरमॅट केली, चार-दोन फोल्डर टाकले. मग बंद करून बाहेर काढली आणि थेट साटाला लावली. उघडली तर दुभाषा सरळ आहे. दहा मिनिटांचं काम आहे, आणि ते हार्डडिस्क रिकामी असतानाच करता येतं. हे केसिंग पास झालं. नापास झालं असतं तर मी ते परत पाठवायला लावलं असतं, किंमत कितीही कमी असली तरी. हे दुखणं दोन टीबीच्या वरच्या हार्डडिस्कलाच जास्त करून होतं, एक टीबीवाल्यांनी उगाच धसका घ्यायचं कारण नाही. पण उलट्या बाजूनेही होतं बरं का: कॉम्प्युटरच्या पोटातली मोठी हार्डडिस्क, साध्या हिशेबाने फॉरमॅट केलेली, काढून असा गठ्ठे करणाऱ्या केसिंगमध्ये किंवा डॉकमध्ये ठेवली तरी हीच पाटी दिसते.

नकलेला बसलो तेव्हा डेटा २.२ टीबी होता. साध्या हिशेबाने पाच-सहा तासांचं काम. लागले साडेनऊ. एक कारण लाखो लहान फायली. दुसरं कारण सांगलीचा मे. केसिंग प्लास्टिकचं, आत पंखा नाही, आणि लिहिणारी हार्डडिस्क सलग चालू. दोन तासांनी तापमान बघितलं तर ५६ अंश. बहुतेक हार्डडिस्कची कंपनीने दिलेली मर्यादा ६० असते. नक्कल थांबवली, केसिंगचं झाकण काढलं, टेबल फॅन समोर ठेवला. अर्ध्या तासात ४१ वर आली. तेव्हापासून मी लांबलचक नक्कल करायची असेल तर साडेतीन इंचीचं झाकण लावतच नाही. ॲल्युमिनियमचं केसिंग घेतलं तर अंगानेच थोडी उष्णता जाते, प्लास्टिकचं दिसायला छान आणि बाकी थर्मास.

दुसऱ्या रात्री दोन्ही बाजूंच्या फायली चेकसम, म्हणजे प्रत्येक फायलीच्या मजकुरावरून निघणारा आकडा, लावून ताडून पाहिल्या. एकही फरक आला नाही. मग अण्णांच्या परवानगीने जुनी हार्डडिस्क साध्या पद्धतीने, जीपीटी करून, पुन्हा फॉरमॅट केली आणि त्याच डेटाची दुसरी प्रत तिच्यावर उलटी भरली. आता ती कुठल्याही सरळ केसिंगमध्ये उघडते. तिच्या अंगावर मार्करने तारीख आणि "५१२, जीपीटी" असं लिहिलं. चार टीबीची स्टुडिओत, तीन टीबीची अण्णांच्या बहिणीकडे विश्रामबागला, दुसऱ्या मजल्यावर. तो मजल्याचा आग्रह अण्णांचा.

बिल

बिल देताना मी अण्णांना अडॅप्टरची गोष्ट सांगितली. बल्ब लावून दाखवला, तांबूस. डब्यात काही बिघाड नव्हता, त्याच दिवशी एक २ अँपिअरचा अडॅप्टर लावला असता तर हार्डडिस्क जशी होती तशी उघडली असती, हेही सांगितलं. मुलगा अडॅप्टर उलटसुलट करून बघत राहिला. अण्णा थोडा वेळ गप्प बसले.

"आणि डबा ठेवला असता तर?"

"अडॅप्टर बदलून पाच मिनिटांत काम होतं. किंवा तसलाच दुसरा डबा मिळाला असता तरी. त्याच मॉडेलचा, त्याच चिपचा. हार्डडिस्क त्यात बसवली की झालं."

अण्णांनी पैसे मोजता मोजता मान वर केली. "तसलाच? तसला मेव्हण्याकडं आहे की. बरोबरच घेतले होते दोघांनी. रोज चालू असतो त्याचा."

तीन दिवस, साडेनऊ तासांची नक्कल, एक रात्र चेकसम. मी पेन खाली ठेवलं आणि त्यांना सांगितलं, मेव्हण्यांना डबा घेऊन या म्हणावं, चालू आहे तोवर दुसरीकडे भरून घेऊ. फोटो जाऊ देत, निदान जुना डबा उचकटायच्या आधी मला फोन करा म्हणावं.

तो डबा अजून आलेला नाही. अण्णांनी त्यांच्यासाठी १२ व्होल्ट, २ अँपिअरचा एक जादा अडॅप्टर मात्र माझ्याकडून विकत नेलाय.